दोन अक्षरांची जागा

पहिला रकाना रिकामा होता, आणि इतका अरुंद की त्यात एक अक्षरही मावलं नसतं. असे रिकामे रकाने स्नेहलला रोज दिसत. कुणाचा तरी हात चुकून लागलेला असतो, ते पुसून टाकायचे असतात. तिनं माऊस त्याच्यावर नेला आणि पुसायच्या आधी सहज बाकीच्या तक्त्यावर नजर टाकली. उभ्या रेघा कुठंच नव्हत्या. आडव्या होत्या, त्याही केसासारख्या बारीक, आणि मथळ्याच्या खाली तेवढी एक जरा ठसठशीत. वाड्यांच्या नावांचा रकाना सगळ्यांत लांब नावाला पुरून वर दोन अक्षरांची जागा उरेल एवढा रुंद होता. जिथं लिहायला काही नव्हतं तिथं घर कोरं सोडलेलं नव्हतं, फुली नव्हती, आडवी रेघ नव्हती. मधोमध एक टिंब होतं. स्नेहलनं माऊस सोडला. डोक्यावरचा पंखा, शेजारच्या टेबलावरचं फोनवरचं बोलणं, खाली सातारा रस्त्यावरचे हॉर्न, सगळं जागच्या जागी होतं. हा तक्ता प्रेरणानं केलेला होता.

खाली पाठवणारीचं नाव मात्र वेगळंच होतं. प्रांजल चिमाजी, पानशेतच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीची. या नावाची कुणी बाई स्नेहलच्या ओळखीत नव्हती. स्नेहल ज्या संस्थेत काम करायची ती डोंगरातल्या झऱ्यांची नोंद ठेवत असे. कुठल्या वाडीला कुठला झरा, तो किती लांब, त्याचं पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, अशी माहिती वेल्ह्याच्या आणि भोरच्या खोऱ्यांतून यायची आणि त्यावरून पाण्याच्या टाक्या कुठं बांधायच्या ते ठरायचं. गावोगावचे तक्ते येत तेव्हा त्यांची अवस्था बघवत नसे. कुणी नाव एका रकान्यात कोंबलेलं, त्यामुळे निम्मं पुढच्याखाली दडलेलं. कुणी एवढा रुंद रकाना केलेला की एका आकड्याभोवती नुसतं माळरान. आकडा मावला नाही की ओळीनं उमटलेल्या त्या जाळीसारख्या खुणा. हे सगळं सरळ करायचं काम स्नेहलचं. मानसिंग सरांनी एक साचा ठरवून दिला होता. सगळे रकाने सारख्या रुंदीचे, प्रत्येक घराला चारी बाजूंनी काळी चौकट. वर पाठवायचं तर सगळं एकसारखं दिसलं पाहिजे, असं ते म्हणत, आणि त्यात चूक काही नव्हती. स्नेहलचा हात त्या साच्यावर इतका बसला होता की ती गप्पा मारता मारता तक्ते आवळत असे. लांब नावं मग दोन ओळींत मोडत, पण ते कुणाच्या लक्षात येत नसे. आज पहिल्यांदाच तिला वाटलं की हा तक्ता आपण आवळला तर त्याला लागेल.

माणसाचं अक्षर ओळखू येतं, चाल ओळखू येते, जिन्यावरचा पाय ओळखू येतो. पण रकान्यांची रुंदी? ती स्वतःलाच हसली आणि पुन्हा त्या टिंबांकडे बघत राहिली. भोरला एसटी स्टँडच्या मागं, एका भांड्यांच्या दुकानावरती माऊली सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. स्नेहल शिवऱ्याहून यायची, प्रेरणा किकवीहून. कापूरहोळच्या फाट्यावर दोघी उतरायच्या आणि तिथून पुढं एकाच गाडीनं भोरला जायच्या. आधी जी येईल तिनं दुसरीसाठी थांबायचं, मग समोरून रिकामी गाडी गेली तरी चालेल. क्लासमध्ये मुली जास्त आणि कॉम्प्युटर कमी, म्हणून एका खुर्चीवर दोघींना बसावं लागे. प्रेरणा उजवीकडे, माऊस तिच्या हातात. स्नेहल डावीकडे, एक पाय जमिनीवर रोवून. त्या खुर्चीचा काठ अजून तिच्या मांडीला आठवत होता. उन्हाळ्यात वीज जायची, पडदा काळा व्हायचा आणि त्यात दोघींचे चेहरे दिसायचे, एकमेकींना चिकटलेले, घामेजलेले. खाली दुकानात कुणीतरी पातेलं वाजवून बघत असायचं. वीज येईपर्यंत माऊली सर खिडकीत उभे राहायचे आणि या दोघी वाद घालायच्या.

वाद रेघांचाच असायचा. स्नेहलला सगळीकडे रेघा लागत. चौकट असली की तक्ता पक्का वाटतो, नाहीतर सगळं वाहून जाईल असं वाटतं, असं तिचं म्हणणं. प्रेरणा उभ्या रेघा पुसून टाकायची. माणसं ओळीत वाचतात, मधे भिंती कशाला, असं विचारायची. रकान्याच्या कडेवर माऊस दोनदा दाबला की रुंदी आपोआप बसते, हे सरांनी शिकवलं तेव्हा सगळ्या मुली खूश झाल्या होत्या. प्रेरणाला ते आवडलं नाही. तसं केलं की नाव अगदी कडेला घासतं, ती म्हणाली. ती आधी रकान्यातलं सगळ्यांत लांब नाव शोधायची, त्याला जागा द्यायची आणि वर आणखी दोन अक्षरांची. अंग हलवायला, म्हणायची. डावीकडचा तो रिकामा अरुंद रकाना म्हणजे अंगण. दारातून एकदम घरात शिरू नये म्हणून. आणि टिंब अशासाठी, की कोरं सोडलं तर वाटतं आपण विसरलो. टिंब दिलं म्हणजे बघणाऱ्याला कळतं, इथं कुणीतरी येऊन पाहिलंय आणि खरंच काही नाहीये. स्नेहल तिची चेष्टा करायची. मग परत जाताना गाडीत खिडकीची जागा तिलाच द्यायची. कापूरहोळला उतरल्यावर एकीची गाडी पुण्याकडे आणि दुसरीची साताऱ्याकडे, रस्त्याच्या दोन बाजूंना. मधून ट्रक जायचे. ट्रक गेला की प्रेरणा पुन्हा दिसायची, ओढणीनं ऊन अडवत उभी. स्नेहलची गाडी आली तर ती सोडून द्यायची आणि पुढच्या गाडीची वाट बघायची. असं का करते ते तिनं स्वतःला कधी विचारलं नाही. पुढं किकवीतच दोघींनी मिळून क्लास काढायचा, हे मात्र पक्कं ठरलं होतं.

प्रेरणाला आईवडील नव्हते, ती मामाकडे वाढली होती. मामानं स्थळ आणलं आणि पंधरवड्याच्या आत लग्न उरकलं. स्नेहल तेव्हा काविळीनं अंथरुणावर होती. डोळे पिवळे, तोंडाला चव नाही, आणि अक्षता घेऊन आलेला माणूस ओट्यावरच चहा पिऊन गेला तेही तिला नंतर कळलं. बरी होऊन ती किकवीला गेली तेव्हा मामाचं घर जागेवर नव्हतं. रस्ता रुंद करायला घेतला होता, ती सबंध ओळच पाडली होती, आणि मामा मिळालेले पैसे घेऊन बायकोच्या माहेरी राहायला गेला होता. शेजारची एक म्हातारी म्हणाली की पोरीला पानशेतच्या वर कुठंतरी दिली, वाडीचं नाव काही तिला सांगता येईना. प्रेरणाचा मोबाईल लागत नव्हता. नंतर स्नेहललाही पुण्यात नोकरी लागली, अमृतशी लग्न झालं, धनकवडीत घर झालं. मोबाईलवर माणसं शोधायची सोय झाली तेव्हा ती कधीमधी, भाजी शिजता शिजता, प्रेरणाचं नाव घालून बघायची. नाना तऱ्हेच्या प्रेरणा यायच्या, ती यायची नाही. वर्षं गेली तसं ते बघणंही कमी होत गेलं, पण थांबलं नाही. लग्नात नवऱ्यामुलीचं नाव बदलतात, ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव काढतात, हे तिला काय माहीत नव्हतं? तिच्या स्वतःच्या मावशीचं बदललं होतं. पण प्रेरणाच्या बाबतीत ते तिच्या मनात कधी आलंच नाही. जणू ते नाव तिच्यावरून कुणाला काढता येणारच नव्हतं.

आता ती त्या दुसऱ्या नावाकडे बघत होती. मानसिंग सर येऊन गेले, वेल्ह्याचे तक्ते कुठपर्यंत आले ते विचारून गेले. स्नेहलनं नेहमीप्रमाणे सगळी घरं निवडली, चौकटीच्या खुणेवर माऊस नेला, आणि हात मागं घेतला. मग तिनं दुसऱ्या गावाचा तक्ता उघडला, तो आवळला, आणि पुन्हा याच्याकडे आली. तक्त्याखाली मोबाईलचा नंबर होता. जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यात जाऊन उभी राहिली आणि तिनं तो लावला. बऱ्याच वेळानं एका म्हाताऱ्या बाईनं उचलला. प्रांजल पाण्याला गेलीय, म्या सासू बोलतीया, सोजराबाई, असं तिनं ओरडून सांगितलं. स्नेहलनं झऱ्यांच्या माहितीबद्दल काही जुजबी विचारलं आणि मग, आवाज शक्य तितका ऑफिसचा ठेवून, विचारलं की प्रांजलताई मूळच्या कुठल्या.

मग सोजराबाई म्हणाली, "कुठली म्हंजी? आमची."

आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी तिनं अमृतला सगळं सांगितलं. तो औषधांच्या दुकानात कामाला होता, दिवसभर लोकांची दुखणी ऐकून आलेला असायचा, आणि तरी तिचं नीट ऐकून घ्यायचा. त्याला हे काही समजलं नसावं. रेघांवरून माणूस कसं ओळखतात, असं त्यानं विचारलं आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला की जाऊन ये, रविवारी मी स्वयंपाक बघतो. एवढं सोपं होतं. इतकी वर्षं पानशेत काही परमुलखात नव्हतं. पुणेकर तिथं सुट्टीला भजी खायला जात होते. ती स्वतः एकदा गेली होती, ऑफिसच्या सहलीला, धरणाच्या भिंतीवर उभं राहून तिनं फोटो काढून घेतला होता. त्या फोटोत मागं जे डोंगर होते त्यांतल्याच कुठल्या तरी घडीत प्रेरणा राहत होती, भाकरी थापत होती, तापानं फणफणत होती, हसत होती. आणि आपण कणीस खाल्लं आणि बसमध्ये बसलो. हा विचार तिला रविवारपर्यंत सोडेना. तिला भीतीही वाटत होती. ती प्रेरणा नसली तर एक गोष्ट. पण असली, आणि तिला आपली आठवणच नसली तर?

रविवारी ती स्वारगेटवरून एसटीनं पानशेतला उतरली. मे महिना होता. हॉटेलांच्या पुढं गाड्या लागल्या होत्या, धरणाचं पाणी खोल गेलं होतं आणि काठाला लाल मातीचे पट्टे उघडे पडले होते. तिथून वर वाडीला जाणारी एकच जीप होती. दुपारी परत निघते, चुकली तर उद्या, असं ड्रायव्हरनं आधीच बजावलं. वळणावळणानं वर जाताना स्नेहल मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. तिच्याजवळ सांगायला खरंच काही होतं. संस्थेत एक जागा रिकामी झाली होती. मानसिंग सर तिचा शब्द ऐकतील, धनकवडीत खोली बघता येईल, नवऱ्यालाही काम मिळेल. हे तिनं इतक्या वेळा घोळवलं की त्यात दोघी शेजारी शेजारी बसलेल्या तिला दिसायला लागल्या, आता दोन खुर्च्यांवर.

जीप थांबली तिथं पहिल्याच घराच्या पडवीत एक बाई करवंदं निवडत बसली होती. तिनं मान वर केली. केस पुढं पांढरे झालेले, गालावर वांग, उन्हानं रापलेली. पण बघण्याची रीत तीच, डोकं किंचित डावीकडे कलतं करून. ती बाई उठली नाही. नुसती बघत राहिली, आणि तिच्या हातातली करवंदं एकेक करून खाली पडली. मग आतून सोजराबाई बाहेर आली, पाहुणी कोण म्हणून विचारायला लागली, तशी प्रेरणा उठली, पदर नीट केला आणि म्हणाली, "ऑफिसातल्या मॅडम हैत. झऱ्याचं बघाया आल्यात. या मॅडम, पाय धुवा."

स्नेहलनं पाय धुतले. पाणी घेतलं, चहा घेतला. प्रेरणाचा नवरा चिमाजी लग्नाला म्हणून खाली गेला होता, घरात या दोघीच होत्या. सोजराबाई मोकळ्या मनाची बाई होती. टाकी कुठं व्हावी, वरचा झरा कसा आटतो, प्रांजलनं मोबाईलवर सगळं कसं लिहून पाठवलं, वाडीतल्या बाया तिला कशा मानतात, हे तिनं कौतुकानं सांगितलं. प्रेरणा मधे मधे हो म्हणत होती आणि स्नेहलला तुमी म्हणत होती. प्रत्येक तुमी स्नेहलला कडेला सारत होतं. ती ऑफिसच्या मॅडमसारखी माना डोलवत राहिली, आणि मनात एकच चाललं होतं की जीप कधी निघते, आपण कशाला आलो. शेवटी सोजराबाईच म्हणाली की मॅडमना झरा दाखवून आण, जीप निघायला अजून अवकाश हाय, आणि कळशीही घेऊन जा.

पायवाट करवंदीच्या जाळीतून खाली उतरत होती. प्रेरणा पुढं, काखेत कळशी. वळण घेऊन घर दिसेनासं झालं तशी ती थांबली आणि मागं न बघता म्हणाली, "जाड झालीस."

"तू वाळलीस," स्नेहल म्हणाली, आणि तिला रडू आलं. प्रेरणानं कळशी खाली ठेवली, तिचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ती पुढं चालायला लागली. कळशी विसरली म्हणून मग दोघी परत आल्या.

झरा म्हणजे कातळाच्या भेगेतून येणारी करंगळीएवढी धार होती. तिच्या तोंडाशी कुणीतरी पन्हळ म्हणून फाटका पत्रा बसवला होता, आणि खाली जनावरांसाठी दगडाची डोणी होती. प्रेरणानं धारेखाली कळशी लावली आणि दोघी शेजारच्या दगडावर टेकल्या. दगड लहान होता. मग बोलणं झालं, इतक्या वर्षांचं, तुटक तुटक. मामा वारला होता. एक मूल झालं होतं, राहिलं नाही. चिमाजी चांगला होता. कॉम्प्युटर तिनं लग्नानंतर पाहिलाच नव्हता. तक्ता तिनं मोबाईलवर केला होता, वरच्या कातळसड्यावर नेटची रेंज येते तिथं उन्हात बसून. रकान्याची कड बोटाखाली सापडत नाही, ओढायला जावं तर भलतंच सरकतं, असं ती हसत सांगत होती. स्नेहलनं तिला सांगितलं की तो तक्ता आता साच्यात घालावा लागेल, चौकटी येतील, नावं मोडतील. हे सांगताना तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं. प्रेरणा म्हणाली, घाल की. टाकी झाली म्हंजे झालं.

मग स्नेहलनं पुण्याच्या जागेचं काढलं. जुळवून आणलेली सगळी वाक्यं तिनं एका दमात सांगितली. प्रेरणानं ती शेवटपर्यंत ऐकली. कातळावरून एक पान ओघळून कळशीत पडलं, ते तिनं बोटानं काढून टाकलं. ती येणार नाही म्हणाली. कुणी अडवतं म्हणून नाही. सोजराबाईनं मूल गेलं तेव्हा तिला लहान पोरीसारखं मांडीवर घेतलं होतं, आणि वाडीतल्या बाया आता कुठं तिच्या शब्दावर विसंबायला लागल्या होत्या. इथं मला काम हाय, ती म्हणाली. स्नेहलला ते पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त लागलं. तिला एकदम त्या तक्त्याचा राग आला. तिनं विचारलं, मी तिथं आहे हे तुला ठाऊक होतं का, म्हणून तसा केलास का? प्रेरणानं मान हलवली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. संस्थेचं नाव एका ताईनं दिलं होतं, तिनं पाठवून दिलं.

"पण करताना तू शेजारी हैस असं धरूनच करते म्या," ती धारेकडे बघत म्हणाली. "तक्ताच न्हाई, समदंच. घर सारवते तरी तू म्हनतीस ह्ये असं नको, तसं कर. मग म्या भांडते तुझ्याशी."

स्नेहल पायाशी पडलेली काडी मोडत राहिली.

"घरात मॅडम म्हनले, राग आला ना? मैत्रीण म्हनले असते. पण त्येवढंच हाय का ते? आणि त्येवढं न्हाई तर काय हाय, ह्ये कुणी इचारलं असतं तर माझ्यापाशी शब्द न्हाई. तुझ्यापाशी हाय का?"

स्नेहलनं शोधून बघितलं. खरोखर शोधलं, आत, खूप आत. मग तिनं नाही म्हणून मान हलवली. प्रेरणाचा खांदा तिच्या खांद्याला टेकला होता, उन्हानं तापलेला, आणि त्याला चुलीचा वास होता. वरून जीपचा हॉर्न ऐकू आला. थोड्या वेळानं पुन्हा.

वळणावरून सोजराबाईची हाक आली. "प्रांजल, भरली का गं कळशी? ड्रायवर निघाला बग."

"न्हाई अजून," प्रेरणानं ओरडून सांगितलं.

कळशी केव्हाच काठोकाठ भरली होती. पाणी तिच्या अंगावरून ओघळून डोणीत पडत होतं, आणि कुणाची तरी एक काळी शेळी पुढचे पाय डोणीवर ठेवून ते सावकाश पीत होती. दोघींपैकी कुणीच हललं नाही. वर जीप सुरू झाल्याचा आवाज आला, वळणं घेत तो खाली खाली गेला, आणि मग नुसती धार ऐकू येत राहिली.